‘रूम’ : एका आदत्त शब्दाची अर्थव्याप्ती

इंग्रजी ‘रूम’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘मोकळी जागा, अवकाश’ असा होता. ‘भिंतींनी वेढलेला घराचा भाग’ हा अर्थ पुढे रूढ झाला. ‘वाव’ हा अर्थ इंग्रजीत आजही टिकून आहे. मराठीने मात्र यांपैकी घराच्या भागाचा अर्थ तेवढा उचलला. कारण उरलेल्या अर्थांसाठी ‘जागा’, ‘वाव’, ‘अवकाश’ हे शब्द तिच्यापाशी होतेच. पण ‘खोली’ही होती. मग ‘रूम’ची गरज का भासली, हा प्रश्न उरतो.

प्रथम लिंगविचार पाहावा. ‘ती रूम’ हे स्त्रीलिंग ‘खोली’च्या साहचर्याने आले असावे. मात्र ‘बाथरूम’ स्त्रीलिंगाप्रमाणेच नपुंसकलिंगातही आढळते. तेथे ‘न्हाणीघर’, ‘स्नानगृह’ यांचा प्रभाव संभवतो. म्हणजे आदत्त शब्दामागे देशी शब्द सावलीसारखा उभा असतो.

अर्थाचा भेद कोराडीसारख्या गावी स्पष्ट होतो. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या या गावी 1974 मध्ये औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच सुरू झाला. केंद्राबरोबर वसाहत आली आणि वसाहतीबरोबर एक नवी शब्दावलीही. जुन्या घरातील ‘ओसरी’, ‘माजघर’, ‘देवघर’ ही नावे त्या जागी कोण बसते, काय चालते, परक्याने कोठवर यावे, हे सांगत. ‘टू रूम किचन’ ही रचना केवळ संख्या सांगते. वीज केंद्रात कागदावर ‘नियंत्रण कक्ष’ असला तरी तोंडी ‘कंट्रोल रूम’च असते. याच गावातील जगदंबेच्या मंदिरात मात्र ‘गाभारा’ अबाधित आहे. त्याला ‘रूम’ म्हणणे कोणालाही सुचणार नाही. जेथे स्थळाशी नाते व मर्यादा जोडलेली आहे, तेथे हा शब्द शिरत नाही.

‘रूमवर’ हा प्रयोग या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. शिक्षणासाठी नागपुरात राहणारा विद्यार्थी ‘रूमवर जातो’ म्हणतो. येथील ‘वर’ हे ‘ड्यूटीवर’, ‘साइटवर’, ‘स्टेशनवर’ यांतील ‘वर’च्या जातीचे आहे, ते तात्पुरत्या मुक्कामाचे वा कामाचे ठिकाण दर्शविते. ‘खोलीवर’ असाही प्रयोग होतो, परंतु तोही प्रायः भाड्याच्या खोलीबाबतच. स्वतःच्या घरातील खोली ‘खोलीत’ असते आणि घर तर ‘घरी’ असते. हा जुना सप्तमीचा प्रत्यय ‘रूम’ला कधीच लागत नाही.

याउलट ‘खोली’ला ‘गहनता’ हा दुसरा अर्थ आहे. ‘विचारांची खोली’ म्हणता येते, ‘विचारांची रूम’ म्हणता येत नाही. त्यामुळे हे दोन शब्द पर्याय नसून परस्परपूरक ठरतात.

अध्यापनाच्या दृष्टीने याचे महत्त्व आहे. विद्यार्थ्याच्या निबंधातील ‘रूमवर’ खोडून ‘खोलीत’ लिहिणारा शिक्षक भाषा शुद्ध करीत आहे असे वाटते. वस्तुतः तो अर्थ बदलीत असतो. घर सोडून आलेल्या, पण अद्याप दुसरे घर न मिळालेल्या माणसाची अवस्था त्या एका शब्दयोगी अव्ययात साठलेली असते. ती खोडण्यापूर्वी वाचली गेली पाहिजे.