घटक ४ : स्थानिक नभोवाणी आणि बोली – ‘माणदेशी तरंग वाहिनी’

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास :
• सामुदायिक नभोवाणीची पार्श्वभूमी सांगता येईल.
• प्रसारणाचे क्षेत्र आणि भाषेचे स्वरूप यांतील संबंध स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ मध्ये, तर पुण्याचे १९५३ मध्ये सुरू झाले. या केंद्रांमुळे प्रमाण मराठी घरोघरी पोहोचली. ग्रामीण श्रोत्यांसाठी कार्यक्रम होत असत. परंतु ते शहरातून प्रसारित होत. ‘माणदेशी माणसं’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर अनेक वर्षे पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांशी निगडित होते. माणदेशाची बोली जाणणारा लेखकही नभोवाणीसाठी पुण्यात होता, ही बाब लक्षणीय आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ धोरणातील बदल : प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. पुढे शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणानुसार स्वयंसेवी संस्थांनाही लहान केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत, अशी अपेक्षा या धोरणात आहे. मात्र या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत; जाहिरातींच्या वेळेवरही मर्यादा आहे.

४.३.२ म्हसवडचे केंद्र : सातारा जिल्ह्यातील माण हा अवर्षणप्रवण तालुका. तेथील म्हसवड येथे २००८ मध्ये माणदेशी फाउंडेशनने ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू केली. ९०.४ मेगाहर्ट्झवरील हे केंद्र शेती, आरोग्य, महिलांचे अर्थव्यवहार आणि लोकगीते असे विषय हाताळते.

४.३.३ भाषिक विचार : अशा केंद्राचा आवाज साधारणतः दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच पोहोचतो. तांत्रिकदृष्ट्या ही मर्यादा असली, तरी भाषेच्या दृष्टीने तीच बलस्थान ठरते. वक्ता आणि श्रोता यांचा परिसर एकच असल्याने संदर्भ उलगडून सांगावे लागत नाहीत. म्हसवडमध्ये नुसते ‘यात्रा’ म्हटले, तरी सिद्धनाथाची यात्रा अभिप्रेत असल्याचे श्रोत्यास कळते. हेच वाक्य पुण्याहून प्रसारित झाले, तर ‘कोणती यात्रा?’ हा प्रश्न उरतो.

दुसरा मुद्दा प्रतिष्ठेचा. ‘होता’ऐवजी ‘व्हता’, ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणणाऱ्यास शाळेत ‘अशुद्ध बोलतोस’ असे ऐकावे लागते. वस्तुतः ही रूपे नियमबद्ध असतात; बोलीला स्वतःचे व्याकरण असते. तीच बोली नभोवाणीवरून ऐकू आली, की ती सार्वजनिक व्यवहाराचीही भाषा आहे, हे श्रोत्यास जाणवते. आपल्यापैकी अनेकांनी परगावी गेल्यावर घरची बोली दडविली असेल. तो संकोच भाषेच्या उणिवेतून नव्हे, तर सामाजिक मूल्यमापनातून येतो, हे ध्यानात घ्यावे.

४.४ समारोप

प्रमाण भाषा दूरच्या माणसांना जोडते, तर बोली जवळच्यांचा व्यवहार सुकर करते. दोन्हींची आवश्यकता आहे. मोठ्या केंद्रांनी पहिले कार्य केले. दुसऱ्यासाठी लहान केंद्रांची वाट पाहावी लागली.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. २००६ च्या धोरणातील भाषाविषयक अपेक्षा सांगा.
२. ‘मर्यादित प्रसारणक्षेत्र हे भाषिक बलस्थान आहे’, या विधानाची चर्चा करा.
३. आपल्या परिसरातील ज्येष्ठ व्यक्तीचे पाच मिनिटांचे बोलणे तिच्या अनुमतीने ध्वनिमुद्रित करा. त्यातील प्रमाण भाषेहून भिन्न अशी दहा रूपे नोंदवून त्यांमागील नियम शोधा.