उसाच्या ट्रॉलीमागचा अंधार

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांचे बॉयलर पेटले, की आमच्या सांगली-कोल्हापूर भागातले रस्ते पुढचे चार-पाच महिने ऊसवाहतुकीचे होतात. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या, वाटेत सांडलेली कांडी आणि ती चाकाखाली चिरडून निसरडं झालेलं डांबर. दिवसा हे सगळं दिसतं, रात्री दिसत नाही. त्यातही सर्वांत घातक ठरते ती नादुरुस्त होऊन रस्त्यातच उभी राहिलेली भरली ट्रॉली. गेल्या हंगामात अशाच एका ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून एक तरुण माझ्या डोळ्यांदेखत गेला. मी शाळेत शिकवतो आणि घरचा ऊसही आहे. मोटारसायकल चालवणारी पोरं आणि ट्रॉली भरून देणारे शेतकरी, दोन्ही माझीच माणसं. मला जे सांगायचं आहे ते दोघांनाही.

जानेवारीतली रात्र, नऊचा सुमार. सांगलीहून आष्ट्याकडं मी स्कूटरवरून येत होतो. दोघं पोरं मला ओलांडून पुढं गेली. गाडी भन्नाट सोडलेली नव्हती, साठाच्या आसपास वेग असेल. समोरून एक ट्रक अपर लावून आला. त्या झोतात पुढचं काहीच दिसेना. ट्रक शेजारून गेला आणि पाठोपाठ आवाज आला. ब्रेक घासल्याचा नव्हे, सरळ आदळल्याचा. चालवणाऱ्याला ब्रेक दाबायलाही वेळ मिळाला नव्हता.

मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला म्हणून ट्रॅक्टरवाल्यानं ती तिथंच सोडली होती आणि पुढची ट्रॉली घेऊन तो कारखान्याकडं गेला होता. अर्धी ट्रॉली साइडपट्टीवर, अर्धी डांबरावर. चाकांना दगड लावलेले, मागं बाभळीची एक फांदी टाकलेली. उसाचे शेंडे मागं दीड-दोन हात बाहेर आलेले. रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. मागं बसलेला मुलगा उडून साइडपट्टीच्या मातीत पडला, त्याचा पाय मोडला. चालवणारा ट्रॉलीवर आदळून डांबरावर कोसळला. त्याचं हेल्मेट दहा-बारा पावलांवर जाऊन पडलं होतं. अँब्युलन्स आली तेव्हा तो श्वास घेत होता. सांगलीला पोचेपर्यंत त्याचा जीव राहिला नाही.

नंतर गावोगावी एकच प्रश्न ऐकला: एवढी डोंगराएवढी ट्रॉली त्याला दिसली कशी नाही? हा प्रश्न विचारणाऱ्यांनी रात्री एकदा भरल्या ट्रॉलीच्या मागं शंभर पावलं जाऊन उभं राहावं. वाळलेलं पाचट आणि धुळीनं माखलेला ऊस यांचा रंग आणि रात्रीच्या डांबराचा रंग यांत फारसा फरक उरत नाही. उसावरून प्रकाश परत येत नाही. ट्रॉलीला मागं दिवा असला तरी तो लोंबत्या शेंड्यांखाली झाकलेला असतो. त्यात समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, की तो निघून गेल्यावरही डोळे अंधाराला सरावायला काही क्षण घेतात. त्या क्षणांत गाडी पळतच असते.

शाळेत मी मुलांना फळ्यावर एक हिशेब घालतो. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून हात-पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो, म्हणजे १७ ते २५ मीटर. त्यानंतर कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असतील तरी थांबायला आणखी वीस-बावीस मीटर. सगळं मिळून चाळीस मीटरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. बहुतेक मोटारसायकलींचा डिपर तीस-चाळीस मीटरांपलीकडचं नीट दाखवत नाही. म्हणजे डिपरवर साठानं जाणारा मुलगा, नजर कितीही तीक्ष्ण असली तरी, दिसलेल्या वस्तूच्या अलीकडं थांबू शकत नाही. हाच वेग चाळीसवर आणला, की पंचवीस मीटरांच्या आसपास गाडी थांबते. ऐंशीला तेच अंतर साठ मीटरांच्या पुढं जातं. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावून थांबायचं अंतर चौपट होतं. त्यात हुशारीला आणि सरावाला वाव नाही. ‘माझा हात बसलाय गाडीवर’ असं प्रत्येक पोरगं म्हणतं. त्याचा हात नक्कीच बसलेला असेल, पण दिव्याचा पल्ला हातानं वाढत नाही.

म्हणून माझं पोरांना पहिलं सांगणं हे, की रात्री वेग रस्ता बघून नव्हे, दिवा बघून ठरवा. दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. समोरून कुणी अपर मारत आला तर त्याच्या दिव्याकडं बघू नका. नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि ॲक्सिलरेटर सोडा. दिसत नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे असं मुळीच समजू नका. हंगामात तर पुढं ट्रॉली उभी आहे असंच धरून चाला. हेल्मेटची काळी किंवा चरे पडलेली काच रात्री वापरू नका. चऱ्यांवर प्रकाश फुटतो आणि समोरचं सगळं पांढरं होऊन जातं. नवी साधी काच हेल्मेटच्या मानानं स्वस्त मिळते.

हेल्मेटचं मात्र सविस्तरच बोलायला हवं. त्या मुलाकडं हेल्मेट होतं, डोक्यावरही होतं. पट्टा लावलेला नव्हता. ट्रॉलीवर आदळताक्षणी ते निघून गेलं आणि डांबरावर पडताना डोकं उघडं राहिलं. मृत्यू डोक्याच्या मारानं झाला. आपल्याकडं हेल्मेट पोलिसासाठी घातलं जातं. चौक आला की टाळूवर ठेवायचं, चौक सुटला की आरशाला अडकवायचं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट न घातलेल्यांचे मृत्यू त्यात ५०,०२९ होते आणि त्यांतले चौदा हजारांहून जास्त मागं बसणारे होते. कायद्यानं मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. बायको-मुलांना मागं बसवून स्वतः एकट्यानं हेल्मेट घालणाऱ्या बापांना मी रोज बघतो, आणि प्रत्येक वेळी थांबवून बोलावंसं वाटतं.

हेल्मेट घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. रस्त्याकडेला मिळणारी अर्धी टोपी उन्हापासून वाचवेल, डांबरापासून नाही. घातल्यावर डोकं जोरात हलवा. हेल्मेट वेगळं हललं तर माप मोठं आहे. पट्टा हनुवटीखाली असा आवळा, की आत जेमतेम दोन बोटं जातील. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. आतला थर्माकोल एकदाच दबतो आणि तो दबण्यातच डोकं वाचतं.

आता त्या रस्त्यावर जमलेल्या गर्दीविषयी. पाच मिनिटांत तीस-चाळीस माणसं गोळा झाली. वाईट कुणीच नव्हतं, पण काय करायचं हे दोघा-तिघांनाच माहीत होतं. एक आजोबा कळवळून सांगत होते, “पाणी पाजा की ओ त्याला.” बेशुद्ध माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं. दोघं त्याला हाता-पायाला धरून जीपमध्ये टाकायला निघाले. मानेला किंवा कण्याला मार असेल तर अशा उचलण्यानं कायमचं अपंगत्व येतं, प्रसंगी जीवही जातो. आग लागण्याचा किंवा पुन्हा गाडी धडकण्याचा धोका नसेल तर जखमीला अँब्युलन्स येईपर्यंत हलवू नये. मान हलणार नाही अशी धरावी, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं आणि श्वास चालू आहे का हे बघत राहावं. हेल्मेट डोक्यावर असेल तर ओढून काढू नये. मोटारसायकलची चावी बंद करावी, आसपास कुणाला विडी-सिगारेट पेटवू देऊ नये.

आणि दोन माणसांनी लगेच मागं शंभरभर मीटर जाऊन मोबाइलच्या बॅटऱ्या हलवत येणारी वाहनं थांबवावीत. त्या रात्री हे काम दोन ऊसतोड मजुरांनी केलं, कुणी न सांगता. एक कार करकचून थांबली ती त्यांच्यामुळंच. ते नसते तर ती गर्दीतच घुसली असती.

१०८ ला किंवा ११२ ला फोन करताना घाई होते आणि नेमकं ठिकाण सांगायचं राहतं. जवळचं गाव, कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडं जाणारी बाजू, जवळचा पेट्रोलपंप किंवा किलोमीटरचा दगड, जखमी किती आणि शुद्धीवर आहेत का, एवढं सांगा. पलीकडचा माणूस फोन ठेवत नाही तोवर आपणही ठेवू नका.

“कशाला पडताय भानगडीत, सर?” असं माझ्या कानाशी एकानं म्हटलंच. ही भीती जुनी आहे, पण आता तिला आधार उरलेला नाही. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर जखमीच्या मृत्यूबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. पोलीस त्याला नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत, दवाखाना त्याच्याकडं पैसे मागू शकत नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजनाही लागू आहे. त्यात अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यांत रोख पैसे न भरता मिळू शकतात. भरती करतानाच या योजनेची विचारणा करा.

साक्ष देण्याची सक्ती नाही, तरी मी जबाब दिला. कारण उभ्या वाहनावर मागून कुणी आदळलं, की सगळा दोष आदळणाऱ्यावर ढकलणं सोपं असतं. मेलेला माणूस बोलत नाही आणि ट्रॉली तासाभरात हलवली जाते. रिफ्लेक्टर नव्हता, दिवा नव्हता, ट्रॉली डांबरावर होती, हे पंचनाम्यात आलं नाही तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात घरच्यांची भरपाई कापली जाऊ शकते. तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल तर सांगा. ट्रॉली हलवण्याआधी मागच्या बाजूचे फोटो काढा. जखमीच्या चेहऱ्याचे व्हिडिओ काढू नका, ते कुणाच्याच उपयोगाचे नसतात.

राहिले आपण शेतकरी. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि आरटीओ मिळून रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम करतात. ते चांगलंच आहे, पण महिन्याभरात पट्ट्या चिखलानं झाकतात, घासून निघतात. पुढं पांढरा, बाजूला पिवळा, मागं लाल असा नियम आहे. मागचा लाल पट्टा शेंड्यांखाली गेला तर तो असून नसल्यासारखा. आणि ट्रॉली भरली जाते ती आपल्या फडात, आपल्या समोर. चालकाला खुशालीचे, म्हणजे बक्षिशीचे, पैसे आपण मुकाट देतो, तर मागचे शेंडे बांधून घ्या आणि पट्टा पुसा, एवढं सांगायचा हक्क आपला आहे. लाल रिफ्लेक्टर कापडाचा एक तुकडा दोरीनं उसाच्या मोळ्यांवरच बांधता येतो, त्याला खर्च किरकोळ येतो. ट्रॅक्टरवाल्यांनी लाल त्रिकोण आणि चार्जिंगचा लुकलुकता लाल दिवा जवळ ठेवावा. ट्रॉली बंद पडली तर ती पूर्ण साइडपट्टीवर घ्यावी, आणि घेता येत नसेल तर एक माणूस तिथं ठेवल्याशिवाय जागा सोडू नये. दगड आणि फांदी ही इशाऱ्याची साधनं नव्हेत, रात्री त्यांच्यावरच दुसरा अपघात होतो.

येत्या हंगामात तुमच्या फडातून पहिली ट्रॉली निघेल, तेव्हा तिच्या मागं जाऊन उभे राहा आणि मोबाइलची बॅटरी मारा. लाल चमकलं नाही, तर ती रस्त्यावर जाऊ देऊ नका.