थंड इंजिनावरचा डेमो

गाडीत दुसरी बॅटरी आणि टपावर सोलर बसवून कॅम्पिंगचा फ्रीज चालवायचा बेत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. मी सगळे प्रश्न कामाआधी विचारले होते, उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घेतली होती, पैसे ठरल्याप्रमाणे पूर्ण दिले होते. तरीही ऐन मे महिन्यात, देवबागला, बाबांचं इन्सुलिन ठेवलेला फ्रीज मध्यरात्री बंद पडला. सकाळी डिस्प्लेवर १९ अंश. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीण काकूंनी तिथल्या तिथे आपल्या फ्रीजचा एक कप्पा रिकामा करून दिला, म्हणून निभावलं.

काम करून देणाऱ्या पुण्याच्या इन्स्टॉलरला फोन लावला. पहिलं वाक्य, "मॅडम, तुम्ही झाकण सारखं उघडत असाल." दुसरं, "गाडी नुसती उभी करून ठेवली असेल." गाडी पुण्याहून मालवणपर्यंत दिवसभर चालवत आणली होती, तीही मी. हे सांगितल्यावर म्हणाले, "मिस्टरांना फोन द्या, त्यांना समजावून सांगतो." या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. काम मी ठरवलं, पैसे मी दिले, वायरिंगचा आराखडा मी मागितला, आणि समजावणार कुणाला, तर मिस्टरांना!

खरा प्रकार कळला तो कुडाळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांमुळे. त्यांनी मागच्या बॅटरीच्या तारेला क्लॅम्प मीटर लावला, टर्मिनलवर व्होल्टमीटर जोडला आणि म्हणाले, चला, एक चक्कर मारून येऊ. गाडी सुरू केली तेव्हा अल्टरनेटरकडून १४.२ व्होल्ट येत होते. काही वेळाने, हायवेवर एका वेगात गाडी लागली आणि आकडा १२.६ वर उतरला. मागे दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा रिले 'टक्' वाजला आणि ॲम्पिअर शून्य. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की पुन्हा 'टक्', पुन्हा चार्जिंग. सपाटीला लागलो की बंद. काका एवढंच म्हणाले, "ही बॅटरी चार्जच होणा नाय."

पुण्यात डिलिव्हरीच्या वेळी मला काय दाखवलं होतं, ते त्या क्षणी लख्ख समजलं. रात्रभर उभी असलेली गाडी नुकतीच सुरू करून मागच्या बॅटरीवरचा आकडा दाखवला होता. इंजिन सुरू झाल्या झाल्या अल्टरनेटर जोरात चार्ज करतो, कारण स्टार्टरने खर्च केलेलं भरून काढायचं असतं. नंतर बीएस-६ च्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी तो व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. साधा व्होल्टेजवर चालणारा रिले साधारण १३.३ ला जोडतो आणि १२.८ ला तोडतो. अशा गाडीत तो चालणारच नाही. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. "माझी गाडी बीएस-६ आहे, चालेल ना?" हा माझा मेसेज आहे. त्याखाली त्यांचा अंगठा आहे.

आता हिशेब, जो तुम्हाला कुणी करून दाखवणार नाही. ५० वॅटचा कॉम्प्रेसर कोकणातल्या उकाड्यात निम्मा वेळ चालतो असं धरा. म्हणजे दिवसाला ६०० वॅट-तास, १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० एएच. १०० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीतून नियमित निम्म्याहून जास्त काढलं, तर ती लवकर मरते. म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी एक दिवस पुरते, आणि माझी तर पूर्ण भरलेलीच नव्हती. टपावर आडवं चिकटवलेलं १०० वॅटचं पॅनल, उन्हात तापलेलं, चांगल्या दिवशी ३०० वॅट-तासांच्या आसपास देतं. तेही उन्हात. माडांच्या सावलीत गाडी लावलीत, तर फार थोडं. कॅरियरच्या दांडीची सावली पडली तरी उत्पन्न कोसळतं. "सोलर आहे, टेन्शन नाही" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

तारेकडे बघा. इंजिनापासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन १२ मीटर तांबं लागतं. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत २० ॲम्पिअरला एक व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. १६ ची टाकली तर ०.३ पेक्षा कमी. माझ्या गाडीत कार्पेटखाली ४ ची निघाली, बिलात १६ ची लिहिली होती. आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांपाशी हवा. माझ्याकडे एकच होता, मागे. पुढे तार घासून शॉर्ट झाली असती तर गाडी पेटली असती.

पाण्याची बॅटरी बंद डिकीत बसवू देऊ नका. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. लिथियम फॉस्फेट घेतलीत, तर शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते; लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. औषध नेत असाल तर आइस पॅकची वेगळी पेटी सोबत असू द्या, पण इन्सुलिन बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलं की ते फेकावंच लागतं. बाकी नेहमीचं: बिल जपा, घाई करू नका, दोन ठिकाणी विचारा.

मला त्यांनी नंतर उत्तर दिलेलं नाही. निळ्या खुणा मात्र दिसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते, मुदत २ वर्षांची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मी तक्रार करते आहे. मीटरचे फोटो, बिल, कापलेल्या तारेचा तुकडा आणि तो अंगठा, सगळं जोडलं आहे.

तुमच्यावर ही वेळ येऊ द्यायची नसेल, तर कामाआधीच लिहून घ्या: गाडी तासभर हायवेवर चालवल्यानंतर मागच्या बॅटरीत किती ॲम्पिअर जातात ते मीटरवर दाखवायचं, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर. जो याला नाही म्हणेल, त्याच्याकडे गाडी सोडू नका.