तटस्थ राष्ट्रे आणि खंदकातील सैनिक

पहिल्या महायुद्धाचा अभ्यास करताना आपण कोण कोणाच्या बाजूने लढले आणि तह केव्हा झाला, एवढेच बहुधा पाठ करतो. परंतु ज्यांना युद्ध नकोच होते त्यांचे काय झाले, हा प्रश्न माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाला अधिक जवळचा वाटतो. दोन बड्या खातेदारांच्या भांडणात मधल्या लहान शेतकऱ्याचे पीक तुडवले जाते, हे आम्ही गावात पाहत आलो आहोत.

बेल्जियम हे असेच मधले शेत होते. १८३९ च्या लंडन तहाने पाच बड्या सत्तांनी त्याची तटस्थता मान्य केली होती. पण जर्मनीला फ्रान्सवर चाल करण्यासाठी वाट हवी होती. २ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीने ती मागितली. बेल्जियमने नकार दिला आणि ४ ऑगस्टला जर्मन फौजा आत घुसल्या. ऑक्टोबरअखेर न्यूपोर्ट येथील पाणदरवाजे उघडून बेल्जियन सैन्याने समुद्राचे पाणी स्वतःच्याच शेतांत सोडले, तेव्हा कुठे शत्रू इझर नदीकाठी अडला.

पुढे दोन्ही बाजूंनी खंदक खणले गेले. ईप्रच्या सखल भागात थोडे खोदले तरी पाणी लागे; म्हणून मातीच्या पोत्यांच्या भिंती रचीत आणि चिखलावर फळ्या टाकीत. ओल्या बुटांत पाय सुजून सडत. उंदीर आणि उवा यांपासून सुटका नव्हती. पहाटे व संध्याकाळी सर्वांनी बंदुका सरसावून उभे राहायचे, दिवसा डोके वर काढायचे नाही, रात्री काटेरी तारा दुरुस्त करायच्या, असा क्रम असे. २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी येथेच क्लोरीन वायू सोडला.

शेजारचे हॉलंडही तटस्थ होते. ते मात्र वाचले. श्लीफेनच्या मूळ योजनेत त्याच्या भूमीतूनही वाट काढलेली होती. नाकेबंदी झाल्यास तटस्थ हॉलंडमार्गे माल आणता यावा म्हणून सेनापती मोल्टके याने ती वगळली. तरीही हॉलंडला सुमारे २ लाख सैनिक सज्ज ठेवावे लागले. १९१४ मध्ये सुमारे १० लाख बेल्जियन निर्वासित तेथे आले. १९१५ मध्ये जर्मनांनी सीमेवर विजेची तार उभारली. जुलै १९१७ मध्ये ॲमस्टरडॅमला बटाट्यांसाठी दंगल होऊन गोळीबारात माणसे मेली.

याच खंदकांत आपलेही लोक होते. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी होलेबेके येथे मशीनगन चालवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे खुदादाद खान हे तो मान मिळवणारे पहिले हिंदी सैनिक. बेल्जियमला निदान नकार देता आला. हिंदुस्थानला कोणी विचारलेही नाही. ब्रिटनने युद्ध पुकारताच तो त्यात ओढला गेला.

यावरून मला असे वाटते की, तटस्थ राहण्यासाठी प्रथम स्वतंत्र असावे लागते आणि नुसत्या तहाच्या कागदावर विसंबूनही चालत नाही. १९४७ नंतर आपण अलिप्ततेचे धोरण का स्वीकारले, याचा विचार करताना ईप्रच्या चिखलातील त्या सैनिकांची आठवण ठेवणे मला आवश्यक वाटते.