उभ्या झाडाचे मोल

मे महिना सरत आला, की रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून एकच धांदल सुरू होते. पश्चिमेकडून ढगांचे पुंजके येऊ लागतात, वारा फिरतो, आणि मिरगाचा पाऊस केव्हा येऊन ठेपेल याचा नेम उरत नाही. अशा दिवसांत अंगणात, पडवीच्या कडेला, मांडवावर, जेथे म्हणून ऊन पडते तेथे तेथे लालजांभळ्या साली वाळत पडलेल्या दिसतात. या साली रातांब्याच्या. त्या वाळल्या, की त्यांची आमसुले होतात.

काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी गेलो होतो. विद्यार्थी मुंबईस नोकरीला. घरी त्याची आई, पत्नी आणि दोन मुले. घरामागच्या उतारावर रातांब्याची सहा-सात जुनी झाडे होती. मी पोचलो, तेव्हा पडवीत लाकडांचा एक व्यापारी बसला होता. उतारावरची सारी झाडे जळणासाठी तोडून न्यावीत, असा त्याचा विचार होता. तो रोख रक्कम द्यावयास तयार होता, आणि घराला तर छपराच्या दुरुस्तीसाठी पैशांची निकड होती.

आईने सुनेकडे पाहिले. सून हातातले काम न थांबविता म्हणाली, "आई, दोन वर्षांपूर्वी यांनी विचारले असते, तर मीच हो म्हटले असते. तेव्हा रातांबे झाडाखाली पडून कुजत होते. पण गेल्या वर्षी आम्ही पाचजणींनी मिळून आमसुले केली, आगळ केले. दिवाळीपर्यंत सारे विकले गेले. छप्पर काय, अजून एखादा पावसाळा तग धरील. झाडे तोडली, तर पुढच्या वर्षी आम्ही पाचजणींनी करायचे काय?"

व्यापारी रिकाम्या हातांनी परत गेला. तो गेल्यावर आई मला म्हणाल्या, "गुरुजी, ही झाडे आमच्यापैकी कोणीच लावलेली नाहीत, आपोआप रुजली आणि वाढली. फुकटची म्हणून आम्ही कधी त्यांची किंमतच केली नाही."

मुलांनो, त्या दिवशी ती झाडे कशामुळे वाचली? तेथे कोणी वनाधिकारी आला नव्हता, की कोणी वृक्षांवर व्याख्यान दिले नव्हते. पाचजणींनी चालविलेल्या एका लहानशा उद्योगामुळे ती वाचली. उभे झाड तोडलेल्या झाडापेक्षा अधिक मोलाचे आहे, हे त्या उद्योगाने घरातल्या माणसांना दाखवून दिले. लहान उद्योग आणि निसर्गाचे रक्षण यांचे नाते समजून घ्यावयाचे असेल, तर या रातांब्यापासूनच आरंभ करावा हे बरे.

रातांबा हा आपल्या सह्याद्रीचाच वृक्ष. तो बारमाही हिरवा असतो. एकदा मूळ धरल्यावर त्याला पाणी घालावे लागत नाही, आणि औषधांचे फवारे तर सहसा लागतच नाहीत. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो, आणि उतारावरची माती आपल्याबरोबर वाहून नेतो. उन्हाळ्यात त्याच गावांतल्या विहिरी तळ गाठतात. अशा भूमीवर, आपल्या मुळांनी माती धरून ठेवणारे आणि उन्हाळ्यात पाणी न मागणारे झाड हे केवढे धन आहे, याचा तुम्हीच विचार करा.

आता या फळाचा हिशेब पाहू. पिकलेला रातांबा धुऊन त्याचे दोन भाग करतात. साल वेगळी काढतात. आतल्या बिया व गर मीठ घालून ठेवला, की त्याला रस सुटतो. त्या रसात साली भिजवावयाच्या, उन्हात वाळवावयाच्या आणि पुन्हा भिजवावयाच्या. असे काही दिवस केल्यावर साली काळसर होतात आणि त्यांची आमसुले तयार होतात. मिठात टिकविलेला रस म्हणजे आगळ. सोलकढी होते ती त्याची. सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली, तर सरबताचा पाक मिळतो. राहता राहिल्या बिया. त्यांच्या वजनाचा सुमारे चौथा भाग स्निग्ध पदार्थ असतो. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या, की तो वर तरंगतो आणि थंड झाल्यावर थिजतो. त्याचे मुठीने वळलेले गोळे म्हणजेच कोकमतेल किंवा मुठेल. थंडीत पायांना भेगा पडल्या, की कोकणातली आजी हेच तेल लावते. आणि आज सौंदर्यप्रसाधने बनविणारे कारखानेही तेच विकत घेतात. एका फळातून साल, रस आणि बी, सारेच कामास आले. फेकून द्यावयास जवळजवळ काहीच उरले नाही.

या कामी शास्त्राचेही साहाय्य झाले आहे. रातांब्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. बी पेरले, तर सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते. आणि इतके करून झाड नर निघाले, तर फळ मिळतच नाही. दापोलीस १९७२ साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने चांगल्या मादी झाडांपासून कलमे करण्याची रीत शेतकऱ्यांना शिकविली. त्यामुळे फळाची खात्री झाली आणि वाट पाहण्याचा काळही कमी झाला. पुढे २०१६ मध्ये सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथील कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे या भागाबाहेरील मालाला हे नाव लावून विकण्यास कायद्याने आडकाठी झाली.

याउलट काजूकडे पाहा. काजू मूळचा ब्राझीलचा. तो पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला. त्याचा गर आपण खातो. टरफलातून निघणारे तेल रंग व रोगण तयार करण्यास उपयोगी पडते आणि उरलेले टरफल जळण म्हणून वापरतात. पण काजूचे रसाळ बोंड? ते तोडल्यावर फार लवकर नासते. म्हणून कोकणातील बहुतेक बोंडे बागेतच कुजून जातात. ज्या वस्तूचा उद्योग झाला, ती संपत्ती ठरली. ज्या वस्तूचा झाला नाही, ती कचरा ठरली. वास्तविक दोन्ही एकाच झाडाची लेकरे!

निसर्गाची हानी न करता माणसांची उपजीविका चालावी, अशा व्यवस्थेला अलीकडे 'हरित अर्थव्यवस्था' असे म्हणतात. २०१२ साली ब्राझीलमधील रिओ द जानेरो शहरात संयुक्त राष्ट्रांची मोठी परिषद भरली, तेव्हा हा तेथील एक मुख्य विषय होता. परंतु हा विचार आपल्याला नवा नाही. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचा कारभार जो. कॉ. कुमारप्पा यांनी पाहिला. कुमारप्पा अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेले. पण खेड्यातली तेलघाणी, गूळ आणि हातकागद यांचा अभ्यास करण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. टिकून राहणारी अर्थव्यवस्था कशी असावी, यावर त्यांनी १९४५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मधमाशीचा दाखला दिला आहे. मधमाशी फुलातून मध घेते. पण तसे करताना ती एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेते, आणि त्यामुळे फळ धरते. घेता घेता देण्याची ही रीत माणसाच्या उद्योगातही असावी, असे त्यांना वाटे.

ही रीत झाडांपुरतीच आहे, असे समजू नका. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, समुद्रकाठी वेळास नावाचे गाव आहे. नाना फडणीसांचे मूळ गाव ते हेच. हिवाळ्यात रात्रीच्या वेळी समुद्री कासवांच्या माद्या येथील वाळूवर येतात, खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ती अंडी कोल्हे-कुत्री खात, आणि माणसेही उकरून नेत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने अंड्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. अंडी काळजीपूर्वक उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरावयाची, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर आली की ती समुद्राकडे सोडावयाची, असे हे काम. इवलीशी पिल्ले लाटेकडे धावतात, ते दृश्य पाहण्यासाठी दूरदूरची माणसे येऊ लागली. त्यातून कासव महोत्सव सुरू झाला. आलेल्या पाहुण्यांना गावकरी आपल्याच घरी उतरवितात, आपल्या चुलीवरचे जेवण वाढतात आणि त्याचा मोबदला घेतात. उकरून नेलेल्या अंड्याचे पैसे एकदाच मिळत. जिवंत पिल्लू मात्र दरवर्षी गावात पाहुणे आणते. वेळासचे कासव आणि त्या घरामागचा रातांबा यांची गोष्ट अशी एकच आहे.

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना केलीच पाहिजे. उद्योग लहान असला, म्हणजे तो निर्दोषच असतो असे मानणे भाबडेपणाचे होईल. बिया उकळण्यासाठी आपण हिरवी झाडे तोडू लागलो, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होईल. सरबताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पऱ्ह्यात टाकल्या, तर पावसाबरोबर त्या समुद्रात जातील. काजू भाजताना निघणारा धूर डोळ्यांना व छातीला अपाय करतो. म्हणून कामगारांच्या आरोग्याकडेही पाहिले पाहिजे. पाहुण्यांच्या सोयीसाठी किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट केला, तर कासवाची पिल्ले समुद्राकडे जावयाचे सोडून दिव्यांकडे वळतील आणि मरतील. ज्याच्यावर आपले पोट भरते, त्याला आपला उद्योगच तर मारीत नाही ना, हा प्रश्न उद्योग करणाऱ्याने नित्य स्वतःला विचारावयास हवा.

तसेच अशा उद्योगांतून भरमसाट पैसा मिळतो, असेही नाही. एखाद्या वर्षी पाऊस लवकर येतो आणि निम्मे रातांबे झाडावरच भिजून वाया जातात. कधी माल तयार होतो, पण गिऱ्हाईक मिळत नाही. त्या पाचजणींचे संसार केवळ आमसुलांवर चालत नव्हते. शेती आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर यांना त्या उत्पन्नाचा हातभार लागत होता. पण ज्या गावातून तरुण माणसे एकामागून एक शहराकडे जातात, त्या गावात असा हातभारदेखील लहान नसतो. तो एखादे घर उघडे ठेवतो. आणि घर उघडे राहिले, म्हणजे घरामागच्या झाडांकडे पाहणारे कोणीतरी राहते.

मध्यंतरी मी पुन्हा त्या घरी गेलो होतो. छपराची दुरुस्ती झालेली होती; ती एका वर्षात नव्हे, तीन वर्षांत थोडी थोडी करून झाली, असे आईंनी सांगितले. उतारावरची जुनी झाडे तशीच उभी होती, आणि त्यांच्या शेजारी कलमांची एक नवी ओळ लावलेली होती. धाकटा नातू कळशीने त्यांना पाणी घालीत होता. मी त्याला विचारले, "काय रे, याला फळे कधी येणार?" तो म्हणाला, "मी हायस्कुलात जाईन तेव्हा, गुरुजी." त्याने हिशेब बरोबर केला होता.

अभ्यास

१. व्यापाऱ्याला झाडे देण्यास सुनेने नकार का दिला? दोन वर्षांपूर्वी तिने होकार का दिला असता?

२. रातांब्याच्या साल, रस व बी यांपासून काय काय तयार होते, ते क्रमाने लिहा.

३. 'वेळासचे कासव आणि त्या घरामागचा रातांबा यांची गोष्ट एकच आहे,' असे लेखकाने का म्हटले आहे?

४. लहान उद्योगानेही निसर्गाची हानी कशी होऊ शकते? पाठातील दोन उदाहरणे द्या आणि एक स्वतःचे लिहा.

५. पुढील शब्दांचा व शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : नेम नसणे, तग धरणे, निकड, हातभार लागणे, भाबडेपणा.

६. तुमच्या गावात वाया जाणारी एखादी वस्तू शोधा. तिचा कोणता उपयोग करता येईल, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.