स्किझोफ्रेनिया आणि आपले घर



छिंदवाडा मार्गावरच्या एका चौकाला आपण नागपूरकर सर्रास ‘पागलखाना चौक’ म्हणतो. ज्यांच्या घरचे माणूस तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार घेते, त्यांना ऑटोवाल्यासमोर तो शब्द उच्चारणे किती जड जात असेल, याचा विचार आम्हीही आजवर केला नव्हता.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात थडग्यांमध्ये राहणारा, लोकांनी वारंवार साखळदंडांनी बांधलेला मनुष्य भेटतो. हा उतारा वाचताना आपण डुकरांच्या कळपाचीच चर्चा अधिक करतो आणि शेवट राहून जातो. बरा झालेला तो मनुष्य येशूबरोबर जाऊ इच्छितो, पण प्रभू त्याला त्याच्या घरी, त्याच्या माणसांत परत पाठवतो. त्याला नेमके काय झाले होते याचे निदान आपण करू नये. तसेच आजच्या रुग्णाला भूत लागले आहे, असेही म्हणू नये.

स्किझोफ्रेनिया हा मेंदूशी संबंधित आजार आहे. जगात साधारण ३०० माणसांमागे एकाला तो असतो. बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, घरच्यांचाच संशय येतो, अंघोळ, मित्र, अभ्यास सारे सुटत जाते. संस्कार कमी पडल्याने, करणीने किंवा कुणाच्या पापामुळे तो होत नाही. १९५० च्या दशकापासून त्यावर औषधे आहेत. मात्र बरे वाटू लागले म्हणून गोळ्या स्वतःहून बंद केल्या की आजार बहुधा उलटतो.

इथे एक कबुली द्यायची आहे. ‘श्रद्धा असेल तर गोळ्या कशाला?’ असे एका आईला आपल्यातल्याच एका प्रार्थनागटात ऐकवले गेले, आणि आम्ही तिथे गप्प बसलो. प्रार्थना जरूर करावी. गोळीही वेळेवर घ्यावी.

परंतु गोळीनेच सारे होत नाही. रुग्णालयातून परतलेल्या रुग्णाला घरी सतत टोमणे, राग किंवा अतिकाळजी सोसावी लागली, तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, असे इंग्लंडमधील संशोधकांना काही दशकांपूर्वीच आढळले. होय, अतिकाळजीसुद्धा! ‘आळशी झालास’ म्हणण्याऐवजी ‘चल, संत्री घेऊन येऊ’ म्हणावे. एका वेळी एकच काम सांगावे. ऐकू येणारे आवाज खरे की खोटे, यावर वाद घालू नये. ‘तुला भीती वाटते ना, मी इथेच आहे’ एवढे पुरते. आणखी एक, नागपूरसाठी महत्त्वाचे: यातील काही औषधांमुळे शरीराला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात दुपारचे ऊन टाळावे, पाणी भरपूर द्यावे. वजन आणि साखरही तपासून घ्यावी.

मूळचे धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, आणि त्यांनी तो लपवला नाही. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात रुग्ण व नातलगांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. २००४ मधल्या ‘देवराई’ या मराठी चित्रपटामागेही ते होते. आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण त्यात आहे; जमल्यास कुटुंबाने एकत्र पाहावा.

आपल्या धर्मग्रामात काय करता येईल? असा तरुण मिस्सेला आला तर ‘अजून गोळ्या चालूच का?’ असे विचारू नये. खुर्च्या लावायला, भजनाच्या वह्या वाटायला त्याला बोलवावे. एखाद्या रविवारी तो मध्येच उठून बाहेर गेला, तर वळून पाहू नये. त्याची आई कित्येक महिन्यांत कुठे गेलेली नसते. तिच्या मुलाजवळ दोन तास कोणी बसले तर तिला बाजार तरी करता येईल.

मनोरुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे. घरी अडचण आली तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ज्या कुटुंबांना बोलायचे असेल, त्यांनी मिस्सेनंतर फादरांना किंवा आम्हाला भेटावे. कोणाचेही नाव बाहेर जाणार नाही.