केस कशाने धुवावे?



आज आपण घरातल्या एका रोजच्या गोष्टीचा विचार करू. ती गोष्ट म्हणजे डोक्यावरून न्हाणे. विषय लहान वाटेल. पण आपल्या नांदुरा भागात तो लहान नाही. का नाही, ते पुढे कळेलच.

आम्ही रात्रीचा वर्ग घेत होतो तेव्हाची गोष्ट. एका ताईंनी विचारले, "गुरुजी, माहेरी केस कसे मऊ राहायचे. इथं साबण लावला का चिकट होतात. काहून असं?"

प्रश्न चांगला होता. आम्ही म्हटले, "ताई, उद्या तीन रिकाम्या बाटल्या घेऊन या. बाटल्याच उत्तर देतील."

तीन बाटल्यांचा प्रयोग

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाटलीत साठवलेले पावसाचे पाणी घेतले. दुसरीत आणि तिसरीत विहिरीचे खारे पाणी घेतले. पहिल्या दोन बाटल्यांत साबणाचा कीस सारखाच टाकला. तिसरीत साबण टाकला नाही. तिच्यात भिजवलेल्या रिठ्याचे पाणी घातले. मग तिन्ही बाटल्या चांगल्या हलवल्या.

काय झाले? पावसाच्या पाण्यात भरपूर फेस आला. विहिरीच्या पाण्यात साबणाचा फेस आलाच नाही. उलट फुटलेल्या दुधासारखा पांढरा साका झाला. पण त्याच विहिरीच्या पाण्यात रिठ्याने मात्र छान फेस दिला, आणि साकाही झाला नाही.

ताई म्हणाल्या, "म्हणजे हाच साका डोक्यात बसतो व्हय!" अगदी बरोबर.

आपला भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात. इथे पुष्कळ ठिकाणी जमिनीखालचे पाणी खारे असते. जिथे पाण्यात चुन्यासारखे क्षार फार असतात, ते पाणी जड. साबणाचा त्या क्षारांशी संयोग होऊन साका बनतो. तो केसांना चिकटतो. मग आपण म्हणतो, केस स्वच्छ झाले नाहीत, आणखी साबण लावा! जितका साबण जास्त, तितका साका जास्त.

शिकेकाई आणि रिठा यांच्यात फेस देणारा एक नैसर्गिक पदार्थ असतो. त्याला सॅपोनिन म्हणतात. तो मळ आणि तेल सोडवतो, पण क्षारांशी मिळून साका करीत नाही. दुसरी गोष्ट अशी की केसावर घराच्या कौलांसारखे बारीक खवले असतात. साबणाच्या खारटपणाने ते उचलले जातात. मग केस राठ होतात आणि गुंततात. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते. त्यात खवले बसलेले राहतात.

शिकेकाईचे पाणी कसे करावे?

एका लांब केसांच्या बाईसाठी शिकेकाईच्या शेंगा 50 ग्रॅम, रिठे 5 ते 6 आणि मूठभर वाळलेला आवळा घ्यावा. रिठ्याच्या बिया काढून टाकाव्या. हे सर्व एक लिटर पाण्यात रात्री भिजत घालावे. भांडे लोखंडाचे नको, कारण आवळ्याचे पाणी त्यात काळे पडते. सकाळी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे उकळावे. निवल्यावर हाताने कुस्करावे आणि फडक्यातून दोनदा गाळावे. नीट गाळले नाही तर चोथा केसांत अडकतो.

शक्यतो अख्ख्या शेंगा घ्याव्या. तयार पुडीत काय काय दळले आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. केलेले पाणी दोन दिवसांत संपवावे. पुढे ते आंबते.

कोणाच्या केसांना काय?

सर्वांचे केस सारखे नसतात. एकाच घरात सासूबाईंचे केस विरळ, सुनेचे दाट आणि नातीचे कुरळे असतात. मग सर्वांना एकच माप कसे चालेल?

*तेलकट केस.* रिठा थोडा वाढवावा. हरभऱ्याच्या पिठानेही तेल निघते. पण त्यावर कढत पाणी ओतू नये. पीठ शिजते आणि डोक्यावरच पिठले होते! कोमट पाणीच घ्यावे. मुलतानी माती पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

*कोरडे आणि राठ केस.* रिठा कमी करावा किंवा वगळावा. आदल्या रात्री खोबरेल किंवा तिळाचे तेल लावावे. रात्रभर भिजवलेली मेथी वाटून अर्धा तास लावून ठेवली तर केस मऊ होतात. पण मेथीने मळ निघत नाही. धुवायला शिकेकाई लागतेच.

*कुरळे केस.* हे बहुधा कोरडेच असतात. यांना जास्वंदीची पाने उत्तम. पाने पाण्यात चुरगळली की बुळबुळीत रस निघतो. त्याने केस हलकेच धुतले जातात आणि गुंता सुटतो. केस ओले असतानाच रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर विंचरावे.

*विरळ केस आणि लहान मुलांचे केस.* यांना मुगाचे बारीक पीठ पुरे. रिठा आणि शिकेकाई डोळ्यांत गेली तर फार झोंबते. म्हणून मुलांना मान मागे करून न्हाऊ घालावे.

कशानेही धुतले, तरी भरपूर पाण्याने केस खळाळून घ्यावे. शेवटचा तांब्या शक्य तर पावसाच्या किंवा गोड्या पाण्याचा असावा. नवी वस्तू प्रथम कानामागे थोडी लावून एक दिवस पाहावी. खाज किंवा लाली आली तर ती वापरू नये.

धुण्याचा सोडा मात्र डोक्याला कधीही लावू नये. आम्ही तरुणपणी फेस यावा म्हणून पाण्यात सोडा टाकून न्हालो होतो. महिनाभर डोक्यावर केरसुणी घेऊन हिंडलो!

शाम्पू वाईट आहे काय?

नाही. शाम्पू म्हणजे विष नव्हे. खाऱ्या पाण्यात तो साबणापेक्षा चांगलाच. पण काही शाम्पू कडक असतात. तेल सगळे ओढून घेतात. गंमत अशी की हा शब्द मूळचा आपल्याच देशातला आहे. हिंदीत चाँपना म्हणजे दाबणे, चोळणे. आपण पाय चेपतो, तसेच. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटन गावी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अंग चोळून देण्याचे स्नानगृह काढले. त्यांच्यामुळे हा शब्द तिकडे रुळला. पुढे त्याचा अर्थ केस धुणे असा झाला.

एक मोठी शिकवण

आता महत्त्वाची गोष्ट सांगतो. डिसेंबर 2024 च्या अखेरीस आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. अडीचशेहून अधिक लोकांना हा त्रास झाला. लेकी-सुना घराबाहेर पडेनात. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी पाण्याला. आमच्या ओळखीच्या एका बाईने उसने पैसे काढून केस उगवण्याच्या तेलाची बाटली आणली. आम्हालाही लोक विचारत, "गुरुजी, शिकेकाई लावू काय?"

आम्ही म्हणालो, "लावा. पण आधी दवाखान्यात जा."

जानेवारी 2025 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तज्ज्ञ आले. रक्ताचे, पाण्याचे नमुने घेतले गेले. पुढे फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी सांगितले की रोग्यांच्या रक्तात आणि तिथल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आढळले. सेलेनियम शरीराला अगदी कणभर लागते. जास्त झाले की केस आणि नखे गळतात.

पाहा बरे! सगळ्यांची नजर न्हाणीकडे होती, आणि डॉक्टरांनी बोट दाखवले ते ताटाकडे. शिकेकाई मळ काढील, केस मऊ ठेवील. पोटातून आलेला रोग ती काढणार नाही. केस झुपक्याने गळू लागले, डोक्यावर चट्टे पडले किंवा जखमा झाल्या, तर घरचा उपाय करीत बसू नये. एकाच वेळी अनेक घरांत त्रास दिसला, तर आरोग्य केंद्रात लगेच कळवावे. त्यात लाज कसली?

त्या ताई आता पत्र्यावरचे पावसाचे पाणी केसांसाठी साठवून ठेवतात. शिकेकाईची पुडी त्या स्वतः वाचून घेतात. वजन आणि तारीख पाहिल्याशिवाय दुकानदाराला पैसे देत नाहीत. आम्हाला याहून अधिक काय हवे?

लक्षात ठेवा

खाऱ्या पाण्यात साबणाचा साका होतो.
शिकेकाई आणि रिठा यांचा साका होत नाही.
ज्याचे जसे केस, तसे साहित्य.
केस अचानक गळाले तर डॉक्टरांना दाखवा.

अभ्यास

1. तुमच्या घरच्या पाण्यात साबणाचा फेस येतो काय? बाटलीत करून पाहा.
2. कोरड्या केसांना रिठा कमी का घ्यावा?
3. तुमच्या घरातील प्रत्येकाचे नाव लिहा. त्यापुढे त्याचे केस कसे आहेत ते लिहा.
4. हे शब्द पाच वेळा लिहा : शिकेकाई, खारपाणपट्टा, जास्वंद, दवाखाना.